गाडी तापते? आधी सेन्सरची वायर पाहा



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते आणि त्यांच्या मागे आपली मोटार पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चालते. गाडी वेगात असली म्हणजे समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. अशा चालीत मात्र सारी भिस्त पंख्यावर. तो वेळेवर फिरला नाही तर पाणी उकळते, हेड गॅस्केट जाते, हेड वाकते आणि इंजिन खोलण्याची पाळी येते. आपण रेडिएटर धुतो, पाणी बदलतो. दोष मात्र एखाद्या बारीक वायरीत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पंख्याला कळते कसे?

पुष्कळ ट्रॅक्टरचा व जुन्या जीपचा पंखा पट्ट्यावर फिरतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले, म्हणून पंखा विजेच्या मोटारीवर. अशा जुन्या पद्धतीत थर्मो स्विच असतो. पाणी साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअस झाले की तो जुळतो व पंखा लागतो. काही अंश उतरले की बंद. नव्या गाड्यांत सेन्सर असतो. पाणी तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून गाडीतला संगणक रिलेमार्फत पंखा लावतो. इंधन किती सोडायचे तेही तो याच सेन्सरवरून ठरवतो.

बिघाड कुठे होतो?

उंदीर वायर कुरतडतात. कपलरमध्ये पाणी शिरून तांब्यावर हिरवा गंज चढतो. पिळून टेप गुंडाळलेला जोड उष्णतेने सुटतो. थर्मो स्विचची वायर तुटली तर पंखा लागतच नाही. सोलून बॉडीला टेकली तर काही गाड्यांत तो थांबतच नाही, अन् सकाळी बॅटरी उतरलेली!

वायरिंग नीट कसे करावे?

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

२) कपलर साफ करा; पिना सैल किंवा गंजक्या असतील तर बदला.

३) कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीची वायर घाला. जोड डाख देऊन पक्का करा, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. दोन वायरींचे जोड समोरासमोर येऊ देऊ नका.

४) वायरी प्लॅस्टिकच्या नळीत घालून बांधा, सायलेन्सरचा पाइप, पंख्याची पाती आणि पत्र्याची धार यांपासून दूर. इंजिन हलते, म्हणून थोडी ढील ठेवा.

५) अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून बोल्ट आवळा.

६) फ्यूज ठरल्या अँपिअरचाच हवा. १२ व्होल्टवर १२० वॅटचा पंखा १० अँपिअर घेतो; फ्यूजऐवजी तार घातली तर वायरिंग जळते.

पंखा 'डायरेक्ट' करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडा. पंखा विनाकारण फिरून मोटार झिजते आणि इंजिन तापायला वेळ लागतो.

शेवटची परीक्षा

पाणी पुरते भरा. सेन्सर हवेत राहिला तर त्याला पाण्याची उष्णता कळत नाही. मग गाडी जागेवर चालू ठेवून काट्यावर नजर ठेवा. पंखा लागून पुन्हा बंद झाला, की काम फत्ते. काटा लाल खुणेकडे सरकला आणि पंखा गप्प असला, तर इंजिन लगेच बंद करा. दोन वायरींचा साधा थर्मो स्विच असेल तर त्या दोन वायरी जोडून पाहा; पंखा फिरला तर वायरिंग ठीक, स्विच संशयित. नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका, टेस्टिंगचा बल्बही लावू नका. मल्टिमीटर असलेल्या जाणत्या मिस्त्रीकडे न्या.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मोळी पडण्याआधी ट्रॉलीचे टायर आपण पाहतोच. त्याच दिवशी बॉनेट उघडून ही वायरही हाताखालून घाला.