हिवाळी शिबिर आणि तांड्यावर राहिलेली मुले

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. तिच्या नियमांनुसार स्वयंसेवक विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करायचे असते आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करायचे असते. ही शिबिरे बहुधा हिवाळी परीक्षा आटोपल्यावर भरतात. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि बंजारा समाज या स्थानाला आपली काशी मानतो. या परिसरातील तांड्यांच्या, म्हणजे नायक व कारभारी यांच्या शब्दावर चालत आलेल्या बंजारा वस्त्यांच्या दृष्टीने मात्र शिबिराच्या या वेळेला वेगळाच अर्थ आहे, कारण नेमक्या त्याच महिन्यांत अनेक घरांतील कर्ती माणसे गावात नसतात.

दिवाळी सरली की ऊसतोडीला किंवा शहरातील बांधकामांवर जाण्याची लगबग सुरू होते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या रकमेला 'उचल' म्हणतात, आणि ही उचल फिटेपर्यंत कोयत्याला परतता येत नसल्याने लहान मुलांना फडावर न्यायचे की आजीजवळ ठेवायचे, हा निर्णय प्रत्येक घराला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. शिबिरार्थींना शाळेच्या पटांगणात भेटणारी मुले ही या निर्णयानंतर मागे राहिलेली मुले असतात.

शिबिराचा दिवस प्रभातफेरीने उजाडतो. त्यानंतर श्रमदान होते, म्हणजे शोषखड्डे खणले जातात किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंडे सुतळीने शिवून आणि सांधे एकावर एक येणार नाहीत अशा बेताने त्या रचून नाल्यावर वनराई बंधारा घातला जातो. दुपारी व्याख्यान, मग घरोघरचे सर्वेक्षण आणि संध्याकाळी मुलांचे खेळ असतात. यांपैकी खेळ सर्वांत सोपे आणि सर्वेक्षण सर्वांत अवघड, कारण घरी गोरबोली बोलणारे पहिलीतले मूल परक्या माणसाच्या मराठी प्रश्नाला बहुधा नुसते हसून उत्तर देते. ज्या गटात तांड्यावरचीच एखादी विद्यार्थिनी असते आणि ती मुलाला त्याच्या याडीबद्दल, म्हणजे आईबद्दल, त्याच्याच बोलीत विचारते, त्या गटाची नोंदवही इतरांपेक्षा कितीतरी खरी उतरते. अशा विद्यार्थिनीला स्वयंपाकघराच्या पाळीत अडकवून ठेवणे हे शिबिराचे मोठे नुकसान होय.

जगभर तरुणांचे गट ज्या बालग्रामांना भेटी देतात, त्यांची मूळ कल्पना येथे उपयोगी पडते. हर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे आरंभलेल्या आणि पुढे आफ्रिकेसह अनेक खंडांत पोहोचलेल्या या व्यवस्थेत निराधार मुलांना मोठ्या अनाथालयात न ठेवता एका घरात, एका कायम राहणाऱ्या आईजवळ, भावंडांसह वाढवले जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर येथेही असे बालग्राम उभे राहिले. तांड्यावरची मुले निराधार नाहीत, परंतु हंगामापुरती त्यांना हवी असलेली गोष्ट तीच आहे: रोज दिसणारे एकच माणूस. ते माणूस आजी असते. म्हणूनच आठवडाभर मुलांना लळा लावून निघून जाण्यापेक्षा त्या आजीचे रेशन, तिचे दुखणे, तिची निराधार योजनेची कागदपत्रे यांची विचारपूस करणे मुलांच्या अधिक कामाचे ठरते.

राहता राहिली फडावर गेलेली मुले. स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत त्याच्या वर्गात बसता यावे, यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची तरतूद झाली. पण मूल कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे हेच शाळेला ठाऊक नसेल, तर कार्ड दप्तरातच पडून राहते. ती माहिती आजीकडे असते, शेजारणीकडे असते, कधी मुकादमाच्या फोन क्रमांकाच्या रूपाने दाराच्या चौकटीवर खडूने लिहिलेली असते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या हाती द्यायच्या यादीत मुलाचे नाव, इयत्ता, कोणाबरोबर गेले, कोणत्या तालुक्यात आणि कधी परतणार, एवढे पाच रकाने भरलेले असावेत.