कवाइतीचा तास आणि वजनाचा कांटा

मुलाचें अंग सुटूं लागलें कीं घरांतील वडीलधारी मंडळी शाळेकडे बोट दाखवितात. ही तक्रार कितपत रास्त आहे, हें हिशेब मांडूनच पाहावें. तीस किलो वजनाचें मूल अर्धा तास खरोखर पळापळीचा खेळ खेळलें, तर सुमारें ७५ उष्मांक खर्ची पडतात. घरीं आल्यावर खाल्लेलीं तीन-चार बिस्किटें ते भरून काढतात. शिवाय रांगा लावण्यांत व पाळीची वाट पाहण्यांत तासाचा केवढा भाग जातो, तें निराळेंच. कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकांत २००९ सालीं १८ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शालेय व्यायामानें उंचीच्या मानानें वजनांत सुधारणा होत नाहीं, असाच त्याचा निर्वाळा होता.

२०१३ सालीं मात्र कॉली, फ्रिसव्होल्ड व मायरहोफर या अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील मुलांची माहिती निराळ्या रीतीनें तपासली. शाळांची परस्परांशीं साधी तुलना येथें फसवी ठरते. जेथें मुलें स्थूल, तेथेंच कदाचित् व्यायाम वाढविलेला असावयाचा. म्हणून निरनिराळ्या राज्यांच्या नियमांमुळें व्यायामाच्या वेळेंत पडलेला फरकच त्यांनीं आधारास घेतला. तेव्हां अधिक व्यायामामुळें पांचव्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांत, विशेषतः मुलग्यांत, लठ्ठपणा घटतो असें दिसून आलें. त्यापायीं इतर विषयांचा वेळ बुडाल्याचा किंवा परीक्षेंतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाहीं. पालकांना वजनाहून हीच गोष्ट अधिक दिलासा देईल. कारण परीक्षा जवळ आली कीं गणितासाठीं मागून घेतला जातो, तो बहुधा कवाइतीचाच तास असतो.