उष्टे कोणी उचलायचे?

गेल्या महिन्यात आरोग्य पानाचे विषय ठरवायला आम्ही चार-पाच जण शिवडी नाक्याजवळच्या एका लहानशा हॉटेलात बसलो होतो. मिसळ झाली, चहा झाला. उठताना आमच्यातल्या एकाने बशा एकात एक रचल्या, उरलेला रस्सा आणि पावाचे तुकडे एकाच बशीत काढले, सांडलेला चहा कागदाने टिपला. शेजारच्या टेबलावर वस्तीतलाच एक कॉलेजात जाणारा मुलगा होता. तो हसत म्हणाला, "काका, पैसे देतो ना आपण? आपल्या आज्या-पणज्यांनी लोकांचं उष्टं काढलं. आता आपण पण तेच करायचं?"

तो थट्टेत बोलला, पण त्याचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. घरी गेल्यावरही आमच्या डोक्यातून तो गेला नाही. म्हणून या महिन्याचे पान त्याच प्रश्नावर लिहीत आहोत.

मुलाचे म्हणणे कुठे बरोबर आहे

उष्टे हा शब्द आपल्या समाजाला नुसता स्वयंपाकघरातला शब्द वाटत नाही. गावकीची कामे करायची आणि बदल्यात दारोदार उष्टे-शिळे तुकडे मागायचे, हे आपल्या मागच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच हेही सांगितले, की उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा. लोकांनी ते ऐकले, उपाशी राहून ऐकले.

चहाच्या हॉटेलाचाही इतिहास आहे. गावोगाव आपल्या माणसासाठी कप वेगळा, बाहेर वळचणीला ठेवलेला. चहा वरून ओतायचा, पिऊन झाल्यावर कप ज्याचा त्याने धुवायचा आणि परत तिथेच ठेवायचा. बाकीच्या गिऱ्हाइकांचे कप मात्र हॉटेलवाला धुणार. म्हणजे 'आपला कप आपण धुवा' हा नियम एके काळी होता, पण तो फक्त आपल्यालाच होता. ती स्वच्छता नव्हती, अस्पृश्यता होती.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने आणि उपाहारगृहे यांचा उल्लेख नाव घेऊन आला. १९५५ च्या कायद्यात, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलातली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरला. आज कोणी आपल्यालाच वेगळा पेला दिला, किंवा आपल्यालाच तो धुवायला लावला, तर तो निमूटपणे धुवायचा नाही. तिथे त्या मुलाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे.

आणि कुठे चुकते

बाबासाहेबांनी दुसऱ्याचे उष्टे नाकारायला सांगितले. आपले उष्टे दुसऱ्यावर टाकायला सांगितले नाही. टेबलावर आपण जे सोडून उठतो, ते कुठे जाते ते एकदा पाहू.

टेबल पुसणारा मुलगा ते हाताने गोळा करतो. मोरीवर भांडी घासणारी बाई ते हाताने निपटते. रात्री ते पिशवीत भरून बाहेर येते आणि सकाळी झाडूवाला, गाडीवरचा कामगार ते उचलतो. मुंबईच्या सफाई खात्यात पिढ्यान् पिढ्या कोण राबत आले, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. याच कामगारांसाठी बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. पुढे याच कामावरचे कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे न्यायालयात लढले, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. म्हणजे हॉटेलात "पैसे दिलेत" म्हणून आपण जे टाकतो, ते फिरून बहुधा आपल्याच माणसाच्या हातात येते.

आमच्या वस्तीतल्या एक ताई कंत्राटावर कचऱ्याच्या कामाला जातात. आम्ही त्यांना विचारले, सगळ्यात जास्त त्रास कशाचा? आम्हाला वाटले, वासाचा म्हणतील. त्या म्हणाल्या, "वासाची सवय झाली. टूथपिकची भीती वाटते. भातात खुपसून ठेवतात, दिसत नाही." हातमोजे मिळतात तेव्हा पातळ मिळतात, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर जुना वण आहे.

सोडलेल्या बशीतून आजार कसे पसरतात

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर उष्ट्याचे धोके चार प्रकारचे आहेत.

पहिला धोका हातांचा. टूथपिक, फुटलेली काच, हाडांचे टोक यांनी बोट कापते. जखम खरकट्या पाण्यात राहिली की पिकते, आणि धनुर्वाताचा धोका असतो तो वेगळाच. हातावर पोट असलेल्या माणसाला चार दिवस काम चुकले तरी मजुरी बुडते.

दुसरा धोका फडक्याचा. बहुतेक हॉटेलांत एकच ओले फडके सगळ्या टेबलांवरून फिरते. आपण टेबलावर नाक पुसलेला कागद टाकला, तर सर्दी-फ्लूचे विषाणू त्या फडक्याने पुढच्या टेबलावर जातात. तिथे बसलेल्या लहान मुलाचा हात टेबलाला लागतो आणि मग तोंडात जातो. जुलाब, टायफॉइड, काही प्रकारची कावीळ हे आजार प्रामुख्याने दूषित पाणी आणि न धुतलेले हात यांतून पसरतात. म्हणून खाण्याआधी साबणाने हात धुणे हे गिऱ्हाइकाचेही काम आहे आणि वाढणाऱ्याचेही.

तिसरा धोका उंदरांचा. रस्त्यावर, गटाराच्या तोंडाशी फेकलेले अन्न म्हणजे उंदरांना जेवणाचे आमंत्रण. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पावसाच्या साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, ती अनेकांना आठवत असेल. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. ताप येण्याची वाट पाहू नका.

चौथा धोका कपांचा. चहा पिऊन फेकलेला कप पावसात भरतो. डेंग्यूचा डास अशाच थोड्याशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. जे कप पावसाने भरत नाहीत, ते गटारात जाऊन पाणी तुंबवतात.

टीबीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करू

शिवडीत महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. राज्यभरातून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येतात आणि आजूबाजूच्या टपऱ्यांवर चहा पितात, वडापाव खातात. अशा एका टपरीवर आम्ही स्वतः पाहिले, की हातात फाइल दिसली की कागदी कप, बाकीच्यांना काचेचा ग्लास. वर, "कप तुमचा तुम्ही लांब नेऊन टाका." आपल्याला हे ओळखीचे वाटले नाही तरच नवल. वळचणीचा कप नव्या नावाने परत आलेला आहे.

टीबी ग्लासातून, बशीतून, चमच्यातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा बारीक कण हवेत जातात आणि बंद, कोंदट जागेत ते बराच वेळ राहतात. म्हणून रुग्णाचा ग्लास वेगळा करून काही साधत नाही. खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, खिडकी उघडी आणि औषधाचा एकही दिवस न चुकवणे, हे उपयोगाचे. ग्लास मात्र सगळ्यांचाच नीट घासला पाहिजे, तुमचा, आमचा आणि रुग्णाचाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात बेडक्याची तपासणी आणि औषध मोफत आहे.

थुंकण्याबद्दलही सांगू. भिक्षूंच्या आचारनियमांत, सेखिय नियमांत, दोन साध्या गोष्टी आहेत. पात्र धुतलेले शितांचे पाणी वस्तीत फेकू नये, आणि आजारी नसताना पाण्यात थुंकू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्षा मागून जेवणाऱ्यांनीही आपल्या खरकट्याचा भार गावावर टाकायचा नाही, असे ठरवले होते.

मग गिऱ्हाइकाने करायचे तरी काय

हॉटेलातली भांडी घासणे, टेबल पुसणे हे ज्याचे काम आहे त्याचे ते काम आहे आणि त्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे. आपण बशा धुवायला बसायचे नाही. आपण इतकेच करायचे, की त्या माणसाच्या हाताला इजा होणार नाही आणि किळस येणार नाही.

* वेटर असलेल्या हॉटेलात: उरलेले अन्न आणि हाडे एका ताटात. टूथपिक मोडून कागदात गुंडाळून बाजूला. ताटात हात धुवायचे नाहीत. पेल्यात कागद, शेंगांची टरफले कोंबायची नाहीत. नाक पुसलेला कागद स्वतः डब्यात टाकायचा. बेसिनमध्ये पान-तंबाखूची पिचकारी नाही.
* टपरीवर, वडापावच्या गाडीवर: ग्लास ट्रेमध्ये परत, कागद डब्यात. डबाच नसेल तर गाडीवाल्याला सांगा, आपण चार जणांनी सांगितले की तो ठेवतो.
* दवाखान्यात, बागेत, गाडीत: आणलेला डबा, पिशवी, बाटली आपल्याबरोबर परत.
* हॉलमध्ये: बाळाचा डायपर, सॅनिटरी पॅड कागदात घट्ट गुंडाळून वेगळ्या डब्यात. संडासात टाकायचे नाही.
* काय करायचे नाही: कोणाला उलटी झाली, रक्त सांडले, काच फुटली तर उघड्या हाताने उचलू नका. लोकांना बाजूला करा आणि हातमोजे घातलेल्या माणसाला बोलवा.

आपले मांडव आणि आपले हॉल

आपल्या लग्नांत, बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानात, जयंतीच्या मांडवात चारशे-पाचशे पाने उठतात. तिथे गिऱ्हाईकही आपण आणि मालकही आपणच. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी शंभरपेक्षा जास्त माणसांच्या कार्यक्रमाचा कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकावर टाकली होती. नियमाची भीती बाजूला ठेवा, साधा हिशोब करा. मांडवाच्या तोंडाशी तीन पिंपे ठेवा, एक अन्नाचे, एक पत्रावळी-द्रोणांचे, एक बाटल्यांचे. पिंपाजवळ दोन तरुण उभे करा. रात्री अकराला जे काम तीन बायकांना दोन तास लागते, ते अर्ध्या तासात उरकते. थर्माकोलची ताटे महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, ती मागवूच नका. आणि मुलांच्या ताटात आधी थोडे वाढा, लागले तर पुन्हा वाढा.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. शिवाजी पार्कवर ठिकठिकाणी अन्नदान होते आणि सफाई कामगार रात्रंदिवस राबतात. त्यांच्यातले कितीतरी जण अभिवादनाची रांग सोडून झाडू मारत असतात. आपण खाल्लेले द्रोण आपण पिंपात टाकले, तर त्यांतल्या काहींना रांगेत उभे राहायला वेळ मिळेल.

जपानमध्ये शाळेतली मुले आपला वर्ग आपण झाडतात. त्यांचे प्रेक्षक फुटबॉलचा सामना संपला की स्टेडियममधला कचरा गोळा करून मगच निघतात, हे २०२२ च्या विश्वचषकात जगाने पाहिले. तिथे कोणाला ते हलके वाटत नाही, कारण सगळेच करतात.

त्या मुलाला आमचे उत्तर हेच आहे. फक्त तुला उचलायला लावले तर उचलू नकोस, भांड. सगळ्यांनी उचलायचे असेल तर पहिला तू उचल.

तो मुलगा परवा त्याच हॉटेलात दिसला. मित्रांबरोबर होता. उठताना त्याने टूथपिक कागदात गुंडाळली. बाकीचे टेबल तसेच टाकून गेला. आम्ही काही बोललो नाही. बोटाच्या वणाची गोष्ट त्याला कोणीतरी सांगितली असावी.