दुधाचा कॅन नुसता विसळून चालतो का? जीवाणूंची ‘बायोफिल्म’ समजून घ्या

करमाळा तालुक्यातलं केम म्हटलं की आधी कुंकू आठवतं. पण आज विषय आहे दुधाचा. केमसारख्या असंख्य गावांत सकाळ-संध्याकाळ धारा काढून दूध डेअरीला घातलं जातं. रिकामा कॅन घरी येतो, पाण्याने विसळला जातो आणि पुन्हा भरला जातो. कॅन दिसायला स्वच्छ असतो. मग अडचण कुठे आहे?

बायोफिल्म म्हणजे काय?

कॅनचे ओरखडे, झाकणाचं रबर, तळाचा कोपरा इथे दुधाचा अंश राहतो. जीवाणू तिथे चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. हीच बायोफिल्म. सकाळी दातांवर जाणवणारा बुळबुळीत थर हाही तोच प्रकार.

हे जीवाणूंना ‘कळतं’ कसं?

हे काम जनुकं करतात. साल्मोनेला आणि ई. कोलाय या जीवाणूंमध्ये ‘सीएसजीडी’ नावाचं जनुक मुख्य बटणासारखं काम करतं. ते चालू झालं की जीवाणू चिवट प्रथिन-धागे आणि सेल्युलोज तयार करतो. ‘सायक्लिक-डाय-जीएमपी’ या रेणूचं प्रमाण पेशीत वाढलं की पोहणं थांबतं आणि चिकटणं सुरू होतं.

दुसरं जनुक ‘आरपीओएस’. उपासमार, आम्ल, क्षार अशा संकटांत ते शेकडो जनुकं कामाला लावतं. महत्त्वाचं म्हणजे, ‘सीएसजीडी’ चालू व्हायलाही सहसा याचीच मदत लागते. म्हणजे संकटात तगणं आणि थर बांधणं या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. अर्धवट धुतलेल्या कॅनमध्ये जीवाणू मरत नाहीत, उलट चिवट होऊ शकतात.

मग दूध उकळलं की झालं?

बऱ्याच अंशी, हो. 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद पाश्चरायझेशन केलं तरी साल्मोनेला, लिस्टेरिया मरतात. पण दोन अडचणी उरतात. स्टॅफिलोकोकस ऑरियसने दुधात आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. आणि तापवलेलं दूध पुन्हा अस्वच्छ भांड्यात ओतलं, तर सगळं मुसळ केरात!

लिस्टेरिया तर फ्रिजमधल्या 4 अंशांनाही वाढतो. गर्भवतींमध्ये त्यामुळे गर्भपात होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये लिस्टेरियाची मोठी साथ आली. हजाराहून अधिक लोक आजारी पडले, दोनशेहून अधिक दगावले. मूळ सापडलं मांसाचे तयार पदार्थ बनवणाऱ्या एका कारखान्यात. तोच जीवाणू कारखान्याच्या आवारातल्या नमुन्यांतही मिळाला.

काय करायचं?

• कॅन रिकामा होताच साध्या किंवा कोमट पाण्याने विसळा. सुरुवातीलाच कढत पाणी घातलं तर दुधाची प्रथिनं भांड्याला घट्ट चिकटतात.
• साबण आणि ब्रशने घासा. थर घासल्याशिवाय निघत नाही.
• झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा. चिरलं असेल तर बदला.
• जंतुनाशक शेवटी वापरा. दुधाचा अंश राहिला तर क्लोरीनचा प्रभाव कमी होतो.
• शेवटी कढत पाणी फिरवा आणि कॅन उपडा ठेवून पूर्ण वाळवा.

घरातली दुधाची किटली, पाण्याची बाटली आणि मिक्सरच्या झाकणाचं रबर यांनाही हाच नियम लागू होतो. विसळण्याआधी घासा आणि भरण्याआधी वाळवा.