प्रवासी गाडीतील गाण्याचा संच बदलताना



चिमणगंज मंडीत गव्हाची आवक ओसरली की आपल्यातील पुष्कळ कुटुंबे प्रवासास निघतात. अलीकडे काहींनी पीथमपूरला तयार होणाऱ्या ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांत निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. अशा गाडीतील जुना टेप काढून नवा संच बसविणे हे काम दिसावयास क्षुल्लक. परंतु त्यातील चुकीचे फळ मी स्वतः भोगले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचा मुक्काम मांडवगडास होता. नव्या संचावर मुलांनी रात्री उशिरापर्यंत गाणी ऐकली. पहाटे धाकट्या नातीस सणसणून ताप भरला. तिला घेऊन धारला जावे, तर इंजिन चालू होईना! दुसरे वाहन मिळेपर्यंत अडीच तास गेले. नात बरी झाली, पण ते अडीच तास सूनबाईंनी कसे काढले ते मी पाहिले आहे.

कारण उज्जैनला परतल्यावर कळले. राहण्याच्या गाडीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी दिवे-पंख्यांची. संचास वीज पुरविणाऱ्या तारांपैकी पिवळी कायम जोडलेली असते व घड्याळ, स्टेशने यांची आठवण राखते. लाल तार किल्लीबरोबर संच चालू-बंद करते. काळी गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे अर्थला जाते. आमच्या कारागिराने पिवळी व लाल एकत्र पिळून थेट इंजिनाच्या बॅटरीस जोडली होती. संच मध्यम आवाजात दोन-तीन अँपिअरच घेतो. पण रात्रभर त्यावर पंखाही चालला. इंजिन फिरविण्यास तर क्षणभर शेकडो अँपिअर लागतात, ते उरणार कोठून?

म्हणून पिवळी व लाल दोन्ही दिवे-पंख्यांच्या बॅटरीवरून घ्यावीत, लाल तारेत स्वतंत्र बटण घालावे व बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. गाडीकडून येणाऱ्या तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नये. मीटर लावून पाहावे. छोट्या गाड्यांत १२ व्होल्ट असतात, मोठ्या बसमध्ये बहुधा २४, आणि १२ व्होल्टचा संच तेथे थेट लावल्यास जळतो. सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळू नयेत. गाडीच्या हादऱ्यांनी ते सुटतात.

संच घेण्यापूर्वी जागा मोजावी: रुंदी सुमारे १८० मिलिमीटर, उंची ५० किंवा १००, मागची खोलीही पाहावी.

खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेले असते. ती क्षणिक कमाल होय; सतत मिळणारी शक्ती बहुधा १५ ते २० वॅट. पुडीतील नमुना पाहून पोत्यातील मालाचा भाव करू नये, हे आपणांस मी काय सांगावे! स्पीकर साधारणतः ४ ओहमचे चालतात. स्पीकरची ऋण तार, म्हणजे काळी रेघ असलेली, सांगाड्यास कधीही जोडू नये. आधुनिक संच त्याने निकामी होतो. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर ढोलकीचा भारदस्त आवाजच नाहीसा होतो व मनुष्य उगाच नव्या संचास दोष देतो.

आमचे सर्व काम दुसऱ्या कारागिराने अर्ध्या दिवसात नीट केले. आता निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी दारात उभी करून आम्ही संच तीन तास वाजवितो, मग इंजिन चालू करून पाहतो आणि त्यानंतरच सामान चढवितो.