दिसेनाशी झालेली पेटी

सांप्रत काही घरांतून दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा दूरदर्शन संचाच्या पाठीमागे एक लहानशी पांढरी पेटी ठेवलेली आढळते. तिला ना पडदा, ना कळफलक. एक बारीक दिवा तेवढा जळत असतो. घरातील संगणकावर जे लिहिले गेले, जो हिशेब मांडला गेला, बाप्तिस्म्याची, लग्नाची, वडीलधाऱ्यांच्या अखेरच्या वर्षांची जी छायाचित्रे जमा झाली, त्या सर्वांची राखीव प्रत तारेवाचून उतरवून घेणे व जपून ठेवणे, हे तिचे काम. या प्रतीला आता सर्वजण बॅकअप असेच म्हणतात. पेटी हे काम वर्षानुवर्षे निमूटपणे करीत असते आणि म्हणूनच तिची कोणास आठवण राहत नाही. मग एके दिवशी संगणक कळवितो की, ही पेटी आपणास सापडत नाही, आणि इतक्या इतक्या दिवसांत बॅकअप झालेला नाही. हा दिवसांचा आकडा पाहून पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो.

अशा वेळी घरच्या मंडळींनी काय करावे, हे सांगण्यापूर्वी काय करू नये, ते सांगणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. पेटी संगणकास न सापडणे आणि पेटीतील ठेव नाहीशी होणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिली नित्य घडते, दुसरी क्वचित. परंतु घाईत कोणी तरी उत्साही गृहस्थ पेटीतील तबकडी पुसून ‘नव्याने सुरुवात’ करावयास सांगतो आणि जे केवळ दिसत नव्हते, ते खरोखरीच नाहीसे होते. पेटीच्या मागील बारीक कळ दाबून तिची मांडणी मूळपदावर आणल्याने आतील ठेव जात नाही. ‘इरेज डिस्क’ ही आज्ञा दिल्याने मात्र जाते. हा भेद ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती पेटी देऊ नये.

उदाहरणादाखल आपण ॲपल कंपनीची टाइम कॅप्सूल नावाची पेटी घेऊ. ती जानेवारी २००८ मध्ये प्रथम जाहीर झाली, तेव्हा ५०० गिगाबाइट आणि १ टेराबाइट अशा दोन मापांत मिळत असे. तिचे अखेरचे रूप, उंच मनोऱ्यासारखे, २०१३ साली आले, आणि एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने हा सारा प्रकारच बंद करीत असल्याचे कळविले. परदेशी नोकरीस असलेल्या मुलांनी रजेवर येताना आणलेल्या अशा पेट्या आमच्या भागातील घरांतून अजून चालू आहेत. ही पेटी एकाच वेळी दोन कामे करते: ती राखीव प्रत ठेवते आणि घरभर वाय-फायही पसरविते. सर्वसाधारण घोटाळ्याचे मूळ या दुहेरीपणातच आहे.

ते समजण्यासाठी संगणक पेटीस शोधतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. ज्याच्यासाठी ती असे, त्याचे घर पिटणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नसे. ऐकणारा आपण होऊन पुढे येई. तद्वत् संगणक आपल्या जाळ्यात पुकारा करतो की, राखीव प्रत ठेवणारे येथे कोणी आहे काय? पेटी तो पुकारा ऐकते व आपले नाव आणि पत्ता कळविते. या पद्धतीस ॲपलने २००२ साली राँदेव्हू आणि २००५ पासून बाँजूर असे नाव दिले. फ्रेंच भाषेत दुसऱ्या शब्दाने भेटल्यावर अभिवादन करतात. तिचे नियम फेब्रुवारी २०१३ मध्ये इंटरनेटच्या मानकांत रीतसर प्रसिद्ध झाले. पुकारा ज्या पत्त्यावर जातो, तो २२४.०.०.२५१ हा पत्ता कोणा एका यंत्राचा नसून ज्यास ऐकावयाचे असेल त्या सर्वांचा आहे. मात्र दवंडी वेशीबाहेर जात नाही, आणि येथे राऊटर ही वेस होय.

आता घरात काय घडते ते पाहा. पूर्वी टाइम कॅप्सूल हाच घरातील एकमेव राऊटर असे. पुढे फायबरची जोडणी आली आणि ती देणाऱ्याने आपली स्वतःची पेटी भिंतीवर बसविली. ही नवी पेटीही राऊटरच आहे आणि तीही वाय-फाय पसरविते. घरात आता एका गावाची दोन गावे झाली. संगणक नव्या पेटीच्या वाय-फायवर, टाइम कॅप्सूल आपल्या वेशीच्या आत, आणि पुकारा मध्येच अडलेला. इंटरनेट तर उत्तम चालते. मग बिघाड पेटीत नसेल तर कोठे, असे घरची मंडळी म्हणतात. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते.

याची परीक्षा सोपी आहे. संगणक टाइम कॅप्सूलच्या स्वतःच्या वाय-फायला जोडून पाहावा. पेटी तत्काळ दिसू लागली, तर कारण हेच. दुसरी खूण पत्त्यावरून पटते. मॅक संगणकावर ऑप्शन ही कळ दाबून धरून वरच्या पट्टीतील वाय-फायच्या चिन्हावर टिचकी दिली असता संगणकाचा चालू पत्ता दिसतो. टाइम कॅप्सूल राऊटरचे काम करीत असेल, तर मुळात तिचा पत्ता १०.०.१.१ असा असतो. संगणकाचा पत्ता जर १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर दोघे दोन गावांत राहतात हे उघड आहे. उपाय असा की, एअरपोर्ट युटिलिटी या कार्यक्रमात जाऊन, नेटवर्क या विभागात, राऊटर मोड बंद करून ब्रिज मोड निवडावा. त्यायोगे टाइम कॅप्सूल वेशीचा अधिकार सोडून देते व फायबरच्या पेटीच्या गावात एक साधी रहिवासी म्हणून राहते. हा बदल करतेवेळी संगणक तिच्याच वाय-फायला जोडलेला असावा, नाही तर तो कार्यक्रमदेखील तिला शोधीत बसतो.

पाहुण्यांसाठी काढलेल्या वेगळ्या वाय-फायचा प्रकार याच जातीचा. कोणी नातेवाईक आला, त्याच्यासाठी ‘गेस्ट’ जाळे चालू केले, आणि घरचाच संगणक नकळत त्यावर चढून बसला. त्या जाळ्यावरून इंटरनेट मिळते, घरातील यंत्रे दिसत नाहीत. त्याचा हेतूच तो आहे. कचेरीकडून मिळालेल्या संगणकावर व्हीपीएन चालू असता असेच होऊ शकते. तो बंद करून पाहण्यास क्षणभरच लागतो.

भिंतींविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. गोव्यात व बेळगावच्या बाजूस जुनी घरे जांभ्या दगडाच्या जाड भिंतींची. उन्हाळ्यात त्या भिंतींचे उपकार मानावे तितके थोडे. वाय-फायच्या लहरींना मात्र त्या अडवितात, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना २.४ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक. यात एक बारकावा आहे. वाय-फायवरून एका यंत्राने दुसऱ्यास पाठविलेला निरोप पोहोचला नाही, तर पोहोच न आल्यामुळे तो पुन्हा पाठविला जातो. सर्वांना उद्देशून केलेल्या पुकाऱ्याची मात्र कोणी पोहोच देत नाही. तो हवेत विरला तर विरला. म्हणून मागल्या खोलीत वर्तमानपत्र वाचता येते, चलच्चित्रही पाहता येते, आणि पेटी मात्र कधी दिसते, कधी दिसत नाही. अशा घरी संगणक उचलून पेटीच्या खोलीत न्यावा. अथवा त्याहून उत्तम म्हणजे, जाळ्याची तार पेटीच्या मागील लॅनच्या खाचेत व संगणकात घालावी. नव्या संगणकांना ती खाच बहुधा नसते, त्यासाठी एक जोडणी विकत मिळते. तारेने पेटी दिसली, तर दोष हवेतला ठरला. पहिला मोठा बॅकअप तर सदैव तारेनेच घ्यावा, असे आमचे मत आहे.

वीज जाऊन परत आली म्हणजे निराळाच गोंधळ उडतो. सर्व यंत्रे एकदम जागी होतात आणि ज्याने पत्ते वाटावयाचे तो राऊटरच मागे राहतो. पत्ता न मिळालेला संगणक स्वतःच एक पत्ता धारण करतो, व तो १६९.२५४ ने सुरू होतो. हे आकडे दिसले की अन्यत्र शोध करू नये. सर्व यंत्रे बंद करावी. प्रथम फायबरची पेटी चालू करून तिला दोन-तीन मिनिटे द्यावी, मग टाइम कॅप्सूल, आणि तिचा दिवा हिरवा व स्थिर झाल्यावर संगणक. दिवा पिवळसर होऊन लुकलुकत राहिला, तर एअरपोर्ट युटिलिटीत तिची काय तक्रार आहे, ते वाचता येते.

इतके करूनही पेटी यादीत येत नसेल, तर पुकारा सोडून थेट तिच्या दाराशी जावे. फाइंडरच्या ‘गो’ या यादीत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ अशी ओळ आहे. तेथे इंग्रजी लिपीत एएफपी ही अक्षरे, पुढे आपल्या विसर्गासारखे चिन्ह, दोन तिरक्या रेघा आणि मग पेटीचा पत्ता लिहावा. पेटीने परवलीचा शब्द विचारला, तर ती ठणठणीत आहे. एकदा आत जाऊन टाइम मशीनच्या पटावर ती तबकडी पुन्हा निवडली, म्हणजे बॅकअप बहुधा पुढे सुरू होतो. याउलट एअरपोर्ट युटिलिटीत पेटी दिसते, पण डिस्कच्या विभागात काहीच नाही, किंवा आतून टकटक असा आवाज येतो, तर तबकडीच थकली असे समजावे. पेटी बंद करावी, पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, आणि ठेव मोलाची असेल तर तबकडीवरून माहिती काढून देणाऱ्या जाणत्याकडे ती न्यावी.

येथवर सांगितलेली बहुतेक कारणे घरच्या घरी दूर होणारी आहेत. एक कारण तसे नाही. टाइम कॅप्सूल फायली देण्याघेण्यासाठी दोनच भाषा जाणते: ॲपलची जुनी एएफपी आणि एसएमबीची पहिली आवृत्ती. यांपैकी दुसरी इतकी असुरक्षित ठरली की, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा उपद्रव तिच्यातील दोषामुळेच जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या मांडणीत ती आपोआप येईनाशी झाली. विंडोजचा संगणक जुन्या पेट्यांना ओळख देत नाही, त्याचे एक कारण हेच. एएफपीबद्दल ॲपलने २०२५ साली कळविले की, मॅकच्या पुढील एखाद्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात येईल. ज्या संगणकातून ती गेली, त्याला ही पेटी सापडावयाची नाही, मग कितीही वेळा बंद करून चालू करा. म्हणून ज्यांच्या घरी टाइम कॅप्सूल आहे, त्यांनी संगणकावर नवी आवृत्ती चढविण्यापूर्वीच आतील ठेव दुसरीकडे हलवावी.

त्याची सोय पेटीतच आहे. तिच्या मागील यूएसबीच्या खाचेत एक मोकळी तबकडी जोडावी. ती आतील तबकडीहून लहान नसावी व मॅकच्या ‘एक्स्टेंडेड’ पद्धतीने तयार केलेली असावी. एअरपोर्ट युटिलिटीच्या डिस्क विभागात ‘आर्काइव्ह डिस्क’ अशी कळ आहे. ती दाबली म्हणजे सर्व ठेव जशीच्या तशी उतरू लागते. शेजारचीच ‘इरेज डिस्क’ दाबू नये. काम पुष्कळ तासांचे असते, तेव्हा रात्री सुरू करून सकाळी पाहावे, आणि मध्ये वीज जाणार असेल तर दिवस बदलावा. नंतर ती तबकडी संगणकास लावून, त्यातील बॅकअपची फाइल उघडून, कोणतेही एक जुने छायाचित्र खरोखर उघडते की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. तोवर पांढरी पेटी काढून टाकू नये.