पारोळ्याचा किल्ला आणि नगारा-चवरी

धुळ्याहून जळगावला निघालेला प्रवासी पारोळ्यात थांबलाच, तर बालाजीच्या दर्शनासाठी किंवा चहासाठी. बाजारपेठेला खेटून असलेल्या भुईकोटाकडे वळणारे थोडे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली तो बांधला. त्याआधी इथे जेमतेम पन्नास घरं होती, असं जुनं गॅझेटियर सांगतं. हे घराणं नेवाळकरांचं, मूळ कोकणातलं. त्यातलेच पुढे झाशीचे सुभेदार झाले.

झाशीत हे घराणं पुढे राजघराणं झालं. राजघराण्याची ओळख युरोपात ढालीवर रंगवत. फ्रान्सच्या राजांचं चिन्ह होतं निळ्यावर सोनेरी लिलीचं फूल. त्या गादीवर हक्क सांगत इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये हे फूल आपल्या ढालीवर घेतलं. फ्रान्स कधीच हातचा गेला. फूल उतरायला मात्र १८०१ साल उजाडलं!

आपल्याकडे थाट ढालीवर नव्हे, स्वारीत दिसायचा: पुढे काय वाजतं, डोक्यावर काय ढळतं. झाशीच्या रामचंद्ररावांना गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी डिसेंबर १८३२ मध्ये राजा केलं, तेव्हा मानचिन्हं दिली ती नगारा आणि चवरी. किताबही भला लांबलचक: ‘महाराजाधिराज फिदवी बादशहा जमजाह इंग्लिस्तान’. फिदवी म्हणजे एकनिष्ठ सेवक. राजांनी वर युनियन जॅकही मागून घेतला आणि झाशीच्या किल्ल्यावर चढवला. आज वाचताना ओशाळायला होतं. त्यांना बहुधा तो झेंडा म्हणजे गादीची हमी वाटली असावी. पुढचे राजे गंगाधरराव यांच्या मृत्यूनंतर दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने झाशी खालसा केली. हमी बावीस वर्षंही टिकली नाही.

१८५७ च्या धामधुमीत याच घराण्यातल्या सदाशिवराव नारायण यांनी झाशीजवळच्या करेऱ्याचा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचे महाराज म्हणवून घेतलं. लोक त्यांना पारोळकरच म्हणत. राणी लक्ष्मीबाईंनी फौज पाठवून त्यांना हुसकावलं. बंड पेटलेलं असतानाही भाऊबंदकी काही सुटली नव्हती.

इकडे पारोळ्यात जहागीरदार लालाभाऊ यांच्यावर फितुरीचा ठपका आला. राणीचे नातलग, एवढ्यानेही संशयाला जागा होतीच. १८५९ मध्ये सरकारने जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला. खंदकाकाठी आज जे बुरूज दिसतात, ते त्या मोडतोडीतून उरलेले आहेत.